ओळखपुसणी

अलीकडे मज्जारोपणाची कोणी धास्ती घेत नसे. पूर्वी दात्याच्या पेशी रोग्याच्या अंगात गेल्या, की त्यांना ते शरीरच परकं वाटे आणि त्या त्याच्या कातडीवर, आतड्यांवर तुटून पडत. माणूस रक्ताच्या कर्करोगातून वाचे आणि उपचारानं जाई. त्यावर ‘ओळखपुसणी’ निघाली. रोपणाआधी शरीराची तयारी करणाऱ्या औषधांतच ती देत. प्रत्येकाच्या पेशींवर त्याची अशी जन्मजात खूण असते. पुसणी ती खूणच काढून टाकी. परकं म्हणून ओळखायला काही उरलंच नाही, तर भांडायचं कोणाशी?

कालिंदी कोपर्डे पुसणीसह केलेल्या रोपणानं ठणठणीत बरी झाली. घरी परतून तान्ह्या लेकीला, ईराला, कधी एकदा उराशी धरते, असं तिला झालं होतं. ईरानं तिच्या मानेशी नाक नेलं आणि किंचाळून आजीकडे झेप घेतली. दुराव्यानं होतं असं, येईल हळूहळू, म्हणून सासूबाईंनी समजूत घातली. ईरा रांगायची ती चालायला लागली, तरी जवळ येईना. नवराही झोपेत भिंतीकडे सरके आणि सकाळी त्याचा त्यालाच पत्ता नसे. भरल्या घरात कालिंदी एकटी पडली. आपण मेलो असतो तर निदान फोटोपुढे तरी पोर उभी राहिली असती, असं तिला वाटू लागलं.

शेवटी तिनं डॉक्टर रेठरेकरबाईंना गाठलं. उंदरांवर पुसणी त्यांनीच तपासली होती. बाईंनी काही लपवलं नाही. अंगाचा वास त्याच खुणेतून घडतो, आणि आपलं माणूस आपण नकळत त्या वासानंच ओळखतो. उंदरांची कातडी, वजन, आतडी सगळं कसं शिस्तीत पाहून झालं होतं. पण संसर्ग नको म्हणून रोपण झालेला प्रत्येक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायची पद्धत. मग त्याचं एकटेपण दिसणार कुठून? फार पुढे एकाला इतरांत सोडलं. बाकीचे एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपले आणि तो कोपऱ्यात बसून राहिला.

“आणि पुसलेले दोन एकत्र ठेवले तर?” कालिंदीनं विचारलं.

बाईंना उत्तर द्यायचं नव्हतं. “ते झोपतात जवळ,” त्या म्हणाल्या. “पण मग त्यांना दुसरं कोणी जवळ करत नाही, कालिंदीताई. सख्खी आईसुद्धा नाही.”

“ईराची आई मीच आहे,” कालिंदी शांतपणे म्हणाली. “एवढ्या लहान मुलीला पुसणी किती द्यावी लागते?”