मागून दबलेली गाडी

“ताई, ही गाडी घेऊ नका.”

मेस्त्रीने हे दोनदा सांगितलं होतं. मागचे शॉकअप नवे टाकले, तरी गाडी मागून दबलेलीच राहते म्हणाला. रिकामी असताना सुद्धा. मी ते हसण्यावारी नेलं. जुनी गाडी म्हणजे म्हातारं माणूस, थोडी वाकणारच, असं वर त्यालाच ऐकवलं.

लिहितेय ते खरं आहे. कुणाला पटेल, कुणाला नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलेलं.

घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. उंचीच तेवढी. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला, घरोघर जाऊन नमुने आणायचे. स्कूटर घे म्हटलं की नाक मुरडायची. तिला मोटरसायकलच हवी होती. पण ज्या गाडीवर बसावं तिच्यावर पाय लोंबकळायचे. दुकानातली पोरं तोंडावर हात धरून हसायची.

या एकाच गाडीवर तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. चेहरा असा खुलला तिचा...

गाडी घेतली.

शिकवायला माझे मिस्टर. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात, रोज संध्याकाळी. ती पुढे, हे मागे. यांचं वजन म्हणजे सिमेंटची दोन पोती. पण हे बसले तरी गाडी तसूभरही खाली गेली नाही.

“मला बघून आधीच मान टाकलीय बिचारीने,” हे म्हणाले.

क्लच हळू सोड, रेस बेताने दे. सुरुवातीला गाडी बेडकासारख्या उड्या मारून बंद पडायची. मग जमायला लागलं. एका शनिवारी हे उतरले, म्हणाले, आता एकटी जा.

हे उतरले... पण गाडी वर आली नाही.

चिमणीला ते जाणवलं. डबल सीट असताना पाठीला मागच्या माणसाची ऊब लागते ना?

ती ऊब तशीच होती.

तिने आरशात पाहिलं. आरशात मोकळं मैदान होतं. हे लांब उभे राहून हात हलवत होते.

तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी हातची जाईल, ही धास्ती जास्त. ती गाडीवरून कामाला जायला लागली. वळणावर गाडी तिच्या आधीच कलायची. तिने त्याचीही सवय करून घेतली.

मग एका संध्याकाळी तिने आमच्या दारात गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. आणि...

कर्र.

मागची दबलेली स्प्रिंग एकदम मोकळी झाली. गाडी तिच्याखाली वर उचलली गेली. तिचे पाय जमिनीवरून सुटले, आणि ती गाडीसकट आडवी झाली.

खरचटलं फक्त. पण ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उतरलं गं, उतरलं एकदाचं, म्हणत घरात आली. मला काही कळेना. तेव्हा कुठे तिने सगळं सांगितलं. कॉटवर बसून, माझ्या बाळाला मांडीवर घेऊन.

गादीवर बाळाचा चेंडू पडला होता.

तो हलला. हळूहळू गडगडत तिच्या पाठीमागे गेला...

आणि थांबला. तिथे गादीला खळगा पडला होता. माणूस बसल्यावर पडतो तसा.

चिमणीने माझा चेहरा पाहिला. तिचं हसू विझलं.

“ताई, बाळाला घे,” ती अगदी हळू म्हणाली. “मी निघते. मी गेले की तेही येईल माझ्यामागे.”

ती उठली.

खळगा भरून आला.

तेव्हापासून ती आमच्याकडे आलेली नाही. गाडी भंगारात दिली, पण आता त्याचा काय उपयोग? भाड्याच्या खोलीत एकटी राहते. रोज फोन करायची. बोलता बोलता तिच्या कॉटची कर्र ऐकू यायची. एकदा ती बसल्याची. लगेच...

दुसऱ्यांदा.

परवापासून फोन उचलला जातो, पण पलीकडून कुणी बोलत नाही.

कर्र एकदाच ऐकू येते.

हे कामासाठी परगावी गेलेत. बाळाला घेऊन मी त्या खोलीत जाऊ शकत नाही, आणि त्याला कुणाच्या भरवशावर सोडूही शकत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी आमच्या गावात असाल तर मला मेसेज करा. पत्ता देते. एकदा जाऊन दार वाजवा.

माझी चिमणी आत आहे का, एवढंच बघून सांगा.