श्वासाचा खरा आकडा

निमिष रोज पहाटे खोकून खोकून बेजार होतो आणि श्वास तपासणारा फुंकणी म्हणतो, त्याच्या छातीत काहीच बिघाड नाही. मग दोघांपैकी चुकतंय कोण?

आरोग्यनौकेवरच्या छोट्याशा खोलीत डॉक्टर नसरीन तांबोळी पडद्याकडे बघत हाच विचार करत होत्या. निमिषची आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. चार वर्षांचा निमिष खुर्चीवर पाय हलवत बसला होता. राहिली त्याची दहा वर्षांची ताई, केतकी. या कोड्याचं उत्तर त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती स्वतःच्या चपलेचा अंगठा मोठ्या कौतुकाने न्याहाळत होती.

साल होतं २०६१. उजनी धरणाच्या पाण्यावर सौरपॅनेलचं मैलभर लांब शेत पसरलं होतं आणि ते राखणाऱ्या माणसांची शंभरेक घरं तिथेच तराफ्यांवर तरंगत होती. वस्तीचा दवाखानाही एका नौकेवर होता. तिथे लहान मुलांचा श्वास तपासणारा एक यंत्रमानव होता. पांढरा, बुटका, दोन हातांचा आणि छातीतून एक नळी बाहेर आलेला. पोरांनी त्याचं नाव फुंकणी ठेवलं. गंमत अशी की त्याच्या नळीत कुणालाही फुंकावं लागत नसे.

"फुंकणीच्या चाचणीत आकडा नऊ आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "निमिषच्या उंचीच्या मुलाचा एवढाच यायला हवा. म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे. सकाळपासून औषधाचा निळा पंप दिला नाहीत ना? तसा निरोप पाठवला होता मी."

"नाही दिला, मॅडम. धाप लागली तर लगेच द्या, नाहीतर थांबा, असं तुम्हीच कळवलं होतं. धाप काही लागली नाही," आई म्हणाली. ती अगदी खरं बोलत होती.

"मग खोकला पाण्यावरच्या दमट हवेने येतो का, ते बघायला हवं. सहा महिने त्याला जमिनीवर ठेवता येईल का कुठे?"

आईने पदराने कपाळ टिपलं. "बार्शीला माझी बहीण असते. ठेवेल ती."

केतकीने चटकन मान वर केली. बार्शीचं हे नाव तिने परवाच ऐकलं होतं. आईबाबा जेवताना हळू आवाजात बोलत होते, 'चाचणीत काही निघालं तर पोराला बार्शीला ठेवावं लागेल.' चाचणी म्हणजे परीक्षा, हे केतकीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वर्गात पहिली येणारी मुलगी ती, परीक्षेची तयारी तिला कुणी शिकवायची! आज सकाळी आई होडी सोडायला गेली तेव्हा तिने निमिषच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिच्या घरी परीक्षेला जाणारं कुणी दही-साखर खाल्ल्याशिवाय बाहेर पडत नसे. आणि मग, एवढ्यावर भागतंय की नाही अशी शंका येऊन, तिने निमिषच्या तोंडाला मास्क लावून निळ्या पंपाचे दोन फवारे दिले. पंप द्यायची पद्धत तिला आईमुळे पाठ होती. निमिष पास झाला आणि बार्शीची गाडी जणू दारात येऊन उभी राहिली.

"ताई पण येणार बार्शीला?" निमिषने विचारलं.

तेव्हा केतकीला राहवेना.

"मी दिला पंप," ती म्हणाली. "आठ वाजता. दोन फवारे. तो नापास होऊ नये म्हणून." पुढचं बोलायच्या आत तिचे डोळे भरून आले.

आईचा चेहरा रागाने लाल झाला. "अगं, सांगितलं होतं ना तुला!"

"तिने आत्ता सांगितलं, हे फार बरं झालं," डॉक्टर मध्येच म्हणाल्या. "केतकी, डोळे पूस. त्या पंपाचा जोर उतरायला सहा तास तरी जावे लागतात. दुपारी दोननंतर पुन्हा तपासू. तोवर कुणीही कुठेही जायचं नाही, बार्शीला तर नाहीच. आणि फुंकणी, हिला नीट समजावून सांग बघू, हिने नेमकं काय झाकलं ते."

दुपारी निमिष शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाऊन खिडकीतून रोहित पक्षी मोजत बसला. त्याला तेरापर्यंतच आकडे येत, त्यामुळे रोहित वारंवार तेराच भरत होते. फुंकणीने सलाईनची एक मऊ नळी केतकीच्या हातात दिली.

"केतकीताई, फुंका यातून."

केतकीने फुंकलं. हवा सुरळीत गेली. मग फुंकणीने दोन बोटांनी नळी मधोमध दाबली.

"आता फुंका."

आता तिचे गाल फुगले, कानांत दडे बसले, पण पलीकडे हवा जेमतेम निघाली.

"तुमच्या भावाच्या श्वासनलिका (फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या) अशाच मऊ आहेत," फुंकणी म्हणाला. "त्यांच्याभोवती स्नायूंचे वेढे असतात. थंडी, धूळ, सर्दी अशा कारणांनी ते वेढे आवळतात. माझ्या बोटांसारखे. हवेला वाटेत जो अडथळा होतो, त्याला रोध म्हणतात. रोध जितका जास्त, तितका माझा आकडा मोठा."

"आणि निळा पंप?"

फुंकणीने बोटं सैल सोडली. केतकीला आणखी काही विचारावं लागलं नाही. सकाळी तिने स्वतःच्या हाताने ती बोटं सोडवली होती आणि मग डॉक्टरांना विचारलं होतं, बघा बरं, नळी कुणी दाबलीय का.

"पण तो तर नुसता बसून होता," ती म्हणाली. "जोरात फुंकलासुद्धा नाही. तुला कळतं कसं?"

"जोरात फुंकायची चाचणी मोठ्यांची. खोल श्वास घ्यायचा आणि सगळी हवा एका दमात बाहेर टाकायची. तुमचा भाऊ गेल्या वर्षी त्या चाचणीत एकदा फुंकला, एकदा हसला आणि तिसऱ्यांदा नळीत थुंकला. माझ्याकडे नोंद आहे." फुंकणी म्हणाला. "म्हणून लहानांसाठी तरंगचाचणी. यात मूल नेहमीसारखा श्वास घेतं आणि मी त्या श्वासाबरोबर ध्वनिलहरी (आवाजाचे बारीक धक्के) आत पाठवतो. वाट मोकळी असली की लहरी सहज आत जातात. अरुंद असली की अडतात आणि काही माघारी येतात. त्यावरून मी आकडा काढतो. फक्त कुणीतरी मुलाचे गाल धरून ठेवावे लागतात. मऊ गाल थरथरले की लहरी गालातच मुरतात आणि हिशोब चुकतो. सकाळी आईंनी धरले होते."

अडीच वाजता निमिष पुन्हा खुर्चीवर बसला. त्याच्या नाकाला चिमटा लावला. नळी ओठांत घट्ट धरायला सांगितली.

"ताई गाल धरणार," तो नळीआडून म्हणाला.

केतकीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. केतकीने त्याच्या गालांवर तळवे टेकवले. आतून फुरफुर फुरफुर असे धक्के हाताला लागत होते. अर्ध्या मिनिटात चाचणी संपली. पडद्यावर आकडा आला, पंधरा.

भावाचा आकडा वाईट आला म्हणून केतकीला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. एवढी अरुंद वाट घेऊन हे पोर दिवसभर रोहित मोजत होतं.

डॉक्टरांनी मग स्वतःच्या हाताने त्याला निळा पंप दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी झाली. आकडा साडेआठ.

"आता दोन्ही टोकं दिसली," डॉक्टर म्हणाल्या. "वाट आवळते आणि औषधाने मोकळीही होते. शिवाय पहाटेचा खोकला आहेच. हा दमा आहे, आणि यावर चांगला उपाय आहे. निळा पंप तेवढ्यापुरता आराम देतो. रोज घ्यायचा दुसरा पंप देते, त्याने आतली सूज हळूहळू उतरते आणि वेढे सहसा आवळत नाहीत. घर सोडायची गरज नाही."

आईने निमिषला जवळ घेतलं आणि मग दुसऱ्या हाताने केतकीलाही ओढलं. रागवायचं घरी गेल्यावर बघू, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"दहा वर्षांनी मी लागणारच नाही कदाचित," फुंकणी म्हणाला. "झोपलेल्या मुलाचा श्वास उशीच मोजेल, असं काही लोक करून बघतायत."

"तेव्हा तू काय करशील?" निमिषने विचारलं.

"रोहित मोजीन. मला तेराच्या पुढेही येतं."

तीन महिन्यांनी पुन्हा चाचणीचा दिवस आला. पहाटेचा खोकला पुष्कळ कमी झाला होता, पण आकडा काय सांगेल हे कुणालाच माहीत नव्हतं. केतकीने निमिषच्या हातावर दही-साखर ठेवली. निळा पंप आईच्या पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली आणि पिशवी आईच्याच खांद्याला अडकवली. नौकेवर पोहोचल्यावर तिने हात धुतले आणि भावाचे गाल धरले. फुरफुर थांबली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

"किती?" तिने विचारलं.

"दहा," फुंकणी म्हणाला.

"पंप न देता?"

"पंप न देता."

केतकीने गाल सोडले नाहीत. निमिषच तिचे हात झटकून म्हणाला, "ताई, सोड ना, झालं आता."