काचेवरची रेघ

मे संपत आला की लारिसाच्या मैदानात भट्टी पेटते. गेल्या जुलैत डायलिसिसहून परतताना इव्हान्थियाची आई जुन्या गाडीत घेरी येऊन अशी कलंडली की गाडी तशीच वळवून पुन्हा दवाखाना गाठावा लागला होता. त्या धसक्यानं इव्हान्थियानं हिवाळ्यात दुसरी गाडी घेतली. वापरलेली, पण चकचकीत निळी. आता ऊन तापायच्या आत एसी तयार हवा, म्हणून ती आर्गिरीच्या गॅरेजात आली होती. दोघं शाळेपासूनचे सोबती.

आर्गिरीनं डॅशबोर्डमधला कप्पा सोडवला आणि त्यामागचा एसीचा फिल्टर ओढून काढला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"अगं, हा फिल्टर आहे की फरशी पुसायचं फडकं?"

ईस्टरपासून पावसाचा थेंब नव्हता. त्यानं आत बोट फिरवलं. पिवळसर, मऊ गाळ वर आला.

"पुरात बुडालेली गाडी गळ्यात मारलीय तुझ्या," तो म्हणाला. "धुऊनपुसून विकतात."

"आत कोणी... म्हणजे, पूर आला तेव्हा?"

"ते कोण विचारतंय? आणि विचारलं तरी सांगतंय कोण?"

"आईला नेता येईल ना पण?"

"न यायला काय झालं? गाडीच आहे, वाळते."

त्यानं नवा फिल्टर बसवला, यंत्र लावून एसीतला जुना गॅस पार काढून घेतला. मग म्हणाला, "तू आत बस, दारं लाव. नुसता पंखा सोड आणि सगळ्या झरोक्यांतून वारा येतोय का बघ. गरमच येईल, ओरडू नकोस."

ती बसली. पंखा घरघरला. तिनं एकेका झरोक्यापुढे हात धरला. वारा गरम होता.

पाय मात्र गार पडले होते.

गॅसच नाही, तर गारवा कुठला? ती वाकून पाहायला गेली, तर हातही गारव्यात बुडाला. वरची हवा तापलेली, खालची विहिरीच्या तळासारखी, आणि दोन्हींच्या मधे हाताला स्पष्ट लागणारी कड. ती कड वर सरकत होती. पोटऱ्या. गुडघे. तिनं खिडकीकडे पाहिलं. काचेवर आतून वाफ धरली होती, पण खालच्या भागातच, आणि वर पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ.

रेघ चढत होती.

"आर्गिरी!"

बॉनेटमागून त्याची शीळ ऐकू येत होती. तिनं दाराचा खटका ओढला. खटका सुटला, पण दार हललं नाही. खांद्यानं रेटलं. बाहेरून कोणी अंग टाकून उभं असावं तसं ते घट्ट होतं.

गारवा कमरेला आला. छातीला आला. श्वास तोकडा पडू लागला. तिनं काचेवर मुठी आपटल्या. आर्गिरीनं मान वर काढली आणि हसून हात हलवला.

गारवा हनुवटीला टेकला. नकळत तिनं तोंड छताकडे उचललं.

तेव्हा तो धावला. चाकाशेजारी पाय रोवून त्यानं दार ओढलं, आणि ते एकदम उघडलं.

आतून काहीच वाहिलं नाही. ती बाहेर कोसळली आणि ठसकत राहिली. कपडे कोरडे ठणठणीत होते.

"काय घाबरवतेस गं!" तो चिडून म्हणाला. तिला उठवायला त्यानं तिचा हात धरला, आणि तो उलटून पाहिला. तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी.

दोघांनी मिळून गाडी मागच्या अंगणात भर उन्हात ढकलली. आर्गिरीनं बॅटरीची तार काढली, दारांना कुलूप लावलं. मग त्यानं कॉफी केली. कोणी प्यायलं नाही.

"आईला मी नेईन माझ्या गाडीतून," तो म्हणाला. "ही नको."

ती खिडकीशी उभी होती. अंगणात ऊन नुसतं रणरणत होतं.

गाडीच्या काचांवर पुन्हा रेघ आली होती. ती चढली, छताखाली बोटभर काच उरली तेव्हा थांबली. त्या उरलेल्या पट्टीवर, मागच्या बाजूला, तोंडाएवढा वाफेचा डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला. पुन्हा विरला. भराभर.

मग रेघ छताला टेकली.