मिलुशाचा वाटा

"त्या गायीचं दावं हातातून सोड, रादोसाव! माझ्या जिवंतपणी हा गोठा रिकामा करू नकोस रे…!"

मिलुशा गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. डेअरीची गाडी वसंतापासून डोंगरावर येईनाशी झाली होती. सहा-सात गायींचं दूध त्यांना परवडत नव्हतं म्हणे! म्हणून तिच्या भावानं, रादोसावनं, आज गुरं विकत घेणारा हेडी बोलावला होता.

"गाडी येत होती तेव्हाही डेअरीला दूध घालायचं सोडून साय कातड्यात कोंबत बसलात, वन्सं!" भावजय झोर्का फणकारली. "कोण खाणार तुमचं ते मुरवलेल्या सायीचं स्कोरुप?"

एकोणीस वर्षांची असताना, इथल्या मुली करतात तसाच मिलुशानंही बापाच्या जमिनीतला आपला वाटा हसतमुखानं भावाला लिहून दिला होता. लग्न केलं नाही, संसार मागितला नाही… मागितल्या त्या फक्त या गायी आणि उन्हाळ्यातलं हे डोंगरावरचं कुरण!

तिनं दोन वर्षं मुरलेल्या स्कोरुपची मेंढीच्या कातड्याची एक पिशवी आणून हेड्यापुढे उघडली. त्यानं बोटभर पिवळंधमक स्कोरुप चाखलं, आणि त्या रांगड्या माणसाचे डोळे चवीनं मिटले.

"वेडा आहेस का रे?" तो रादोसाववर खेकसला. "खाली माझ्या मेहुण्याचं हॉटेल आहे. पाहुणे हेच मागतात, आणि आता करतंय कोण? विक्रीचा परवाना काढ, तो जेवढं असेल तेवढं नेईल. गायी मी नाही नेत!"

परवाना कुरणाच्या मालकालाच, म्हणजे रादोसावलाच, मिळणार होता. रादोसाव शहरात गेला आणि चौथ्या दिवशी कागद घेऊन परतला.

"ताई, कुरण तुझ्या नावावर केलंय. परवानाही तुझाच."

मिलुशाचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, काय केलंस हे! भावाचा वाटा खाल्ला म्हणून गाव थुंकेल माझ्यावर…!"

"थुंकू दे! मी चव्हाट्यावर सांगेन, एकतीस वर्षं भावानंच बहिणीचा खाल्ला!" आणि तो दांडगा पुरुष तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

ती कागदाला हात लावेना. शेवटी झोर्कानंच तो उचलून तिच्या एप्रनच्या खिशात सरकवला.

"वन्सं… सायीच्या थरावर मीठ किती घालायचं, ते मला शिकवाल?"