मंजुळाबाईंच्या शेतातली खुंटी

"खुंटी हलवली, ताई! कुणीतरी हलवलीच!"

मंजुळाबाई दारातूनच कडाडल्या. हर्सूलला त्यांची साठ मेंढरं. सर्वेक्षणाच्या यंत्रानं पाणी दाखवलं तिथं खुंटी ठोकली, बोअर घेतली, अन् निघाला नुसता फुफाटा. आज पाणी नाही लागलं तर उद्या कळप बाजारात न्यायचा होता.

विशाखाताई शहरातल्या नावाजलेल्या गुप्तहेर आणि कृष्णा त्यांचा मदतनीस. त्याचा संशय नेहमी समोर येईल त्या पहिल्या माणसावर बसायचा.

शेतात पोचताच तो संशय बसला बिभीषणवर. हा तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारा. यंत्र आल्यापासून त्याला कुणी विचारेना.

"मी कशाला हलवू?" बिभीषण बांधापलीकडून फणकारला. "बाईंचं कुत्रं मला बांधाच्या आत येऊ देत नाय!"

सर्वेक्षण करणारी सायली रडवेली झाली होती. "खुंटी जागेवरच आहे, मी पुन्हा मोजलं. यंत्र जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी सोडतं. जिथं वीज सहज वाहते तिथं ओल धरायची."

तिच्या नकाशात ओलीचा निळा पट्टा बांधापासून हौदापर्यंत आखल्यासारखा सरळ गेला होता. कोपऱ्यातल्या दगडी ओट्याखाली मात्र ठणठणीत कोरडं.

"जमिनीत काही पुरलंय का, विचारलंस?" विशाखाताई तिला म्हणाल्या.

"विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही."

रिकाम्या हौदावरच्या गंजक्या तोटीला घोंगडी लटकली होती. भर दुपारी मेंढरं बाभळीची सावली सोडून उन्हात, ओट्याला चिकटून बसली होती. कृष्णाला ती येडीच वाटली.

विशाखाताई हसल्या. "खुंटी कुणीच हलवली नाही. पण कृष्णा, जमिनीतलं पाणी इतकं सरळ रेषेत जातं का रे? मंजुळाबाई, या तोटीचा पाइप कुठाय?"

"त्यो व्हय? सासऱ्यानं पुरलेला, लोखंडी. पण त्याला कधी पाणीच आलं नाय! मग त्यो नळ कसला? म्हनून नाय सांगितलं."

सायलीनं कपाळाला हात लावला.

"लोखंडातून वीज धावली, यंत्राला ओल वाटली," विशाखाताई म्हणाल्या. "ओट्याखाली उलटं झालं. तिथं पोकळी आहे. हवेतून वीज जात नाही, म्हणून यंत्राला कोरडं दिसलं. पण मेंढरं तिथं बसतात, कारण फटीतून गार हवा येते. खाली जुनी नहर असणार, पाण्याचा बोगदा. उचला ती फरशी!"

चौघांनी फरशी सरकवली. कृष्णानं खडा टाकला आणि श्वास धरला.

डुबुक!

मंजुळाबाई हसता हसता रडू लागल्या. मग पदरानं डोळे पुसत बांधाकडं वळून ओरडल्या, "बिभीषणा, ये आत! कुत्रं धरते मी. अन् नारळ आण. पाणी पाहायला नाय रे, फोडायला!"