रामधनची हरणी

“वयनी, ही सीट मांगं काहून सरकत नाही वं?”

गोठ्यातून विनोदचा आवाज आला आणि चुलीपुढे बसलेल्या केशरच्या हातातली भाकर तव्यावर पडायची ती थेट विस्तवात पडली! करपल्याचा वास घरभर पसरला. ओसरीवर तूर निवडत बसलेल्या प्रयागबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, मान वर न करता हवेला टोमणा मारला, “लक्ष कुठी असते एकेकाचं, देव जाने.”

हवेलाच, कारण सुनेशी त्या बोलत नसत. पंधरा वर्षं झाली, प्रयागबाईंनी केशरचं नाव तोंडातून काढलं नव्हतं आणि तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. भाकर खात, पोटापुढे कोणाचा इलाज चालतो! पण पाणी मात्र स्वतः उठून माठातून घेत. एकदा हिवतापाने फणफणल्या होत्या, तेव्हाही भिंत धरत धरत माठापर्यंत गेल्या आणि केशर भरला लोटा हातात घेऊन नुसती उभी राहिली. सुंभ जळेल पण पीळ जाईल, तर त्या प्रयागबाई कसल्या!

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या वर्षी भाऊबीजेला माहेरी, आसेगावला जायचा हट्ट केशरने धरला, दिवस मावळायच्या बेताला नवऱ्याला गाडी काढायला लावली, आणि वाटेतच गाडी नाल्यात गेली. रामधन गेला. धाकटा दीर विनोद हनुवटी फुटून बेशुद्ध पडला. आणि मागे बसलेल्या केशरच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नाही! “माह्या लेकाले खाऊन कोरी निंघाली,” हे प्रयागबाईंचं वाक्य गावातल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं.

रामधन मालेगावात गाड्या दुरुस्त करायचा. कुठून तरी पलटणीतली जुनी, मोडकी जीप त्याने आणली, तिचं छत कापून फेकलं, पुढून ॲम्बेसेडरचं इंजिन बसवलं, सायलेन्सर बाजूने बाहेर काढला आणि भिंतीला मारतात तसा ब्रशने पोपटी रंग फासला. ती गाडी सुरू झाली की फाड् फाड् आवाजाने गावातली कुत्री शेतात पळत! तिचं नाव त्याने ठेवलं हरणी. लग्नाआधी नवरदेव मारोतीच्या पाया पडायला निघतो, तो तेव्हापासून गावात हरणीतच बसून जायचा, मग तो कोणाच्याही घरचा असो.

आता विनोद नवरदेव होणार होता. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर झालेला विनोद, वाशीमच्या वर्षाराणीशी त्याची सोयरीक जुळली आणि सुट्टी काढून तो घरी आला तोच गोठ्यात कडब्याखाली पंधरा वर्षं पडून असलेली हरणी उपसत सुटला. “दादा नाही तं नाही, दादाच्या हरणीत तरी बसतो!” केशरने परोपरीने सांगून पाहिलं, मुन्ना भंगारवाल्याला देऊन टाक, अपशकुनी गाडी आहे ती... तो ऐकेल तर शपथ! ब्रेक नवे घातले, वायरी नव्या घातल्या, टायर नवे घातले. पण जिथे रामधनचा हात फिरला होता तिथे त्याने पॉलिश पेपरसुद्धा लावू दिला नाही. ब्रशचे फराटे तसेच. वाकडं वेल्डिंग तसंच. खालच्या बाजूने कडा तुटलेलं काळं स्टेअरिंगसुद्धा त्याने पुसून तसंच ठेवलं. शेजारचे म्हातारे हरिसिंग येता-जाता म्हणायचे, “काहो इंजिनियर, नवरदेवाची गाडी हाय का भंगाराची?” तो हसून म्हणायचा, “काका, चमकवली तं ते दादाची राह्यते काय?”

आणि त्याचा तो जपणारा, मायेचा हात जसजसा एकेका खिळ्यावर फिरू लागला, तसतसा केशरचा जीव कसनुसा होऊ लागला. काय जाणे, काय सापडेल! तिला वाटलं होतं, तिने सगळं झाकलंय. त्या संध्याकाळी, लोक धावून यायच्या आत, तिने सीटवरची घडीची गोधडी काढून घेतली होती. पण सीट...! गाडी जिने जन्मात चालवली नाही, तिच्या मनात सीटचं कसं येणार? उंच-बुटक्या कोणालाही बसता यावं म्हणून रामधनने सीटखाली स्वतः रूळ वेल्ड केले होते. त्या दिवशी सीट जिथे होती तिथेच ती पंधरा वर्षं गंजत राहिली होती.

केशर गोठ्याच्या दारात आली. विनोद त्या सीटवर बसला होता आणि त्याचे गुडघे स्टेअरिंगला भिडले होते.

“पाह्य ना, मलेच बसता येत नाही. अन् दादा तं माह्यापेक्षा वीतभर उंच होता!” तो हसत होता. मग हळूहळू त्याचं हसू मावळलं. त्याने केशरकडे पाहिलं, तिच्या ठेंगण्या बांध्याकडे पाहिलं. “वयनी... त्या दिवशी दादा इथं बसलाच नव्हता. कोन चालवत होतं गाडी?”

केशरच्या डोळ्यांपुढे तो रस्ता उभा राहिला. सरळ, मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंनी उभी तूर, आणि रामधनचा तो लाडिक आवाज, “ये बारक्या, तू घे आता हरनी!” बारा वर्षांचं पोर गोधडीवर बसून आनंदाने नुसतं चेकाळलं होतं. आणि तुरीतून रोही, घोड्याएवढा नीलगायीचा नर, उडी मारून आडवा आला...! शेजारच्या बाजूला दबलेला रामधन शेवटच्या श्वासांत तिला म्हणाला होता, “केशर... बारक्याच्या माथी येऊ देजो नको. माय त्याले माफ करनार नाई, अन् कळलं तं ते लेकरू जगनार नाई...” लोक यायच्या आत तिने बेशुद्ध पोराला स्टेअरिंगमागून ओढून दगडांपाशी निजवलं. शुद्धीवर आलेल्या पोराला काहीच आठवत नव्हतं. ती देवाची दया होती की शिक्षा, हे केशरला आजवर कळलं नव्हतं.

“सांग ना वयनी! कोन?”

“मी,” केशर म्हणाली. “मी चालवत होती. हौस आली होती मले.”

मागे सूप पडल्याचा आवाज झाला. प्रयागबाई दारात उभ्या होत्या.

“अवदसे! येवढे वर्सं मले वाटे, हट्टानं खाल्लं... तुवा तं सोताच्या हातानं मारलं माह्या लेकाले! निंघ! निंघ माह्या घरातून!”

केशरने विनोदकडे पाहिलं. ज्याला तिने अंघोळी घातल्या, ज्याच्या तापात उशाशी बसली, ज्याच्या शिक्षणासाठी लोकांच्या रानात निंदणी-खुरपणीला गेली, तो तिचा विनू जमिनीकडे बघत म्हणाला, “पंधरा वर्सं खोटं बोलल्या तुमी.”

तुमी! सासूच्या शिव्यांनी जे झालं नाही ते त्या एका शब्दाने झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. पण संन्यासीच आपणहून मान पुढे करत असेल, तर त्याने तक्रार तरी कोणाकडे करावी? केशरने दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि ती फाट्याची वाट चालू लागली.

फाट्यावर एसटीचा पत्ता नव्हता. ऊन डोक्यावर आलं होतं. आसेगावला कोणाकडे जायचं? भाऊ राहिला नव्हता, भावजय दारात उभी करेल की नाही याची शाश्वती नव्हती. केशर निंबाखाली बसली, आणि तेवढ्यात तो आवाज आला... फाड्, फाड्, फाड्! क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं की रामधनच आला न्यायला!

विनोद होता. गुडघे छातीशी घेऊन, कमान झालेल्या पाठीने तो हरणी चालवत आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“गाडी फोडाले निंघालो होतो मी,” तो म्हणाला. “पाना घेऊन बसलो, सुचेना, अन् स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. वयनी, ही माही हनुवटी... मी दगडावर पडलो होतो म्हनतात ना सारे? हा जखमेचा वन त्या तुटक्या कडेत बसते. बरोबर बसते.”

“काईच्या बाई काई बोलतं पोट्टं...”

“जो इथं बसला होता त्याले लागल्याबिगर राह्यलं नसतं. अन् तुले ओरखडा नव्हता. माय पंधरा वर्सं हेच तं सांगून राह्यली!” त्याने हनुवटी तिच्यापुढे केली. “मी होतो ना, वयनी? मीच ना?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती आता उघडली होती. केशरने त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि तो तिचा पदर मुठीत धरून ओक्साबोक्शी रडला. शेवटी तिने रामधनचे शब्द त्याला सांगितले. “रोही आडवा आला रे. मोठ्या मानसाच्या हातूनबी झालं असतं...” पण हे असलं बोलणं जखमेला पुरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

तो तिला घेऊन घरी आला आणि आईच्या पायाशी बसून त्याने सारं सांगून टाकलं. प्रयागबाईंचा हात उगारला गेला... आणि हवेतच थिजला. त्यांनी भिंतीवरच्या रामधनच्या फोटोकडे पाहिलं. मग सुनेकडे न पाहता त्यांनी विचारलं, “अन् तू आयकत राह्यली?”

“तुमचा एक लेक गेला होता, आत्याबाई. दुसराबी नेऊ काय?”

प्रयागबाई उठल्या. सवयीने माठाकडे गेल्या, लोट्याला हात घातला आणि तो हात तिथेच थांबला. त्या परत येऊन जागेवर बसल्या.

“केशर,” त्या म्हणाल्या, “पानी दे वं.”

केशर लोटा काठोकाठ भरून धावतच आली, अर्धं पाणी भुईवर सांडलं. उरलेलं प्रयागबाई घोटाघोटाने प्यायल्या, आणि लोटा खाली ठेवून, रामधन जणू आजच गेला असावा तशा हंबरडा फोडून रडल्या. त्यानंतर पुष्कळ दिवस धाकट्या लेकाशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्याला जेवायला मात्र वाढत.

विनोद हरणी मोडायला निघाला. “लग्न नको अन् काई नको!” केशर आडवी आली.

“मोडू नको. त्याच्या हातची एकच वस्तू उरली हाय. नुसती ते सीट मांगं घे. त्याच्या मापावर.”

विनोदने रुळांवर तेल सोडलं, हातोडा मारला, पुन्हा तेल सोडलं. दिवसभर सीट हलली नाही. दिवस कलताना ती कर्रकन किंचाळली आणि मागे, अगदी मागे जाऊन थांबली. विनोद तिच्यावर टेकून बसला. त्याने पाय लांब केले आणि त्याचे डोळे भरून आले.

“वयनी, माहे पाय पुरत नाईत वं...”

“नाईच पुरनार,” केशर म्हणाली. त्या संध्याकाळी बसली होती तिथेच, मागच्या बाकावर ती चढून बसली. “काठावर बसून चालव. मी हाय मांगं.”