शाळेचा कोपरा

ही गोष्ट खरी आहे. मानायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्यातून काही मिळवायचं नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. जूनमधला लख्ख उन्हाचा शनिवार होता आणि आमचं डोंगरातलं गाव, गोर्नो कामेने.

हॉलंडहून कॉलेजची मुलं सेवेला आली होती. आमच्या पडक्या शाळेची भिंत बांधायची आणि गावातल्या पोरांना खेळायला एक खोली करून द्यायची, असं ठरलं होतं. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे होता. मी पूर्वी त्यांच्याच देशात टोमॅटोच्या काचघरांत बरीच वर्षं राबले, त्यामुळे भाषा येते.

माणसंही कळतात. जेवताना तर हमखास. ही मुलं आधी ताटाचा फोटो काढायची, मग जेवायची. त्यांचे वाउटर सर दगड उचलण्याआधी केस सारखे करायचे. फेमके तेवढी निराळी. उंच, हडकुळी पोरगी. वाटी हातात घेण्याआधी विचारायची, "मावशी, तू जेवलीस?"

भिंत उभी राहिली होती. पण तिचा एक कोपरा टिकेना. दिवसा रचायचा, सकाळी ढासळलेला.

त्या शनिवारी तो पायापासून पुन्हा रचायचा होता. संध्याकाळी मुलांची परतीची बस होती.

सकाळी माझा दीर रायचो आला. गावचा गवंडी. काखेत कोंबडा.

"हा कशाला?" वाउटर सरांनी विचारलं.

"पायाला. कोपऱ्याला जीव लागतो. कोंबडा दिला की गप उभा राहतो."

मी भाषांतर केलं. मुलांचे चेहरे उतरले. फेमकेनं कोंबडा हिसकून पोटाशी धरला.

"आमच्या संस्थेच्या नियमात हे बसत नाही," सर म्हणाले.

"आणि कोंबडीचं सूप बसतं होय?" रायचो मला म्हणाला. "काल यानंच दोनदा वाढून घेतलं."

एवढं मात्र मी भाषांतरातून गाळलं.

"वहिनी, नीट सांग त्यांना. दिलं नाही तर कोपरा आपलं आपण घेतो. आजोबा काय करायचे? कोंबडा नसला की वाटेवरच्या माणसाची सावली दोरीनं मोजायचे आणि ती दोरी पायात पुरायचे. तो माणूस मग त्या भिंतीचा. सुटका नाही."

मुलांना हे फार आवडलं. पुन्हा सांगायला लावून त्यांनी फोनवर घेतलं.

कोंबडा सुटला. काम सुरू झालं.

फेमकेचे हात लांब, म्हणून कोपऱ्याशी तीच उभी. दगड द्यायची, रायचो बसवायचा. ऊन तिच्या पाठीवर होतं. तिची सावली ओल्या मालावर पडत होती, आणि रायचोची थापी त्या सावलीवरून फिरत होती...

दुपारी मी घेवड्याचं सूप घेऊन गेले. सगळे भिंतीसमोर पसरले होते.

आणि आवाज आला...

टक. टक. टक.

दगडावर थापी ठोकावी तसा.

रायचोची थापी बादलीत होती. तो पाव खात होता. खाता खाता थांबला.

टक. टक.

भिंतीच्या आतून.

"उंदीर असेल," सर म्हणाले. सगळे हसले.

फेमके वाटी घ्यायला माझ्यापुढे आली. माझी नजर खाली गेली...

सगळ्यांच्या पायाशी सावली होती.

तिच्या पायाशी नुसतं ऊन.

मी तिची वाटी भरली. काय बोलणार? पोरी, तुझी सावली कुठे ठेवलीस, म्हणून विचारू?

पाचला बस सुटली. मी हात हलवत उभी होते. गावाच्या टोकाला पूल आहे, बस तिथवर गेली...

आणि किंकाळी ऐकू आली.

मी धावले. बसमध्ये फेमके मागच्या काचेला चिकटली होती. कुणीतरी कमरेला दोर बांधून मागे ओढावं तशी. ड्रायव्हरनं बस मागे घेतली, तशी ती सैल पडली.

तिला खाली उतरवलं. गावाकडे चालली तर ठीक. पुलाकडे पाऊल टाकलं की कमरेत वाकायची.

"दमली आहे," म्हणत सरांनी तिचा हात धरून पुढे ओढलं.

तिचे बूट मातीत घासत मागे गेले. सरही तिच्यासोबत मागे गेले.

त्यांनी हात सोडला. चेहरा राखेसारखा.

"मावशी, मला घरी जायचंय," ती रडत होती. "आई घ्यायला येणार आहे गं."

"कोपरा फोडायला लागेल," रायचो म्हणाला. "अंधाराआधी. वाळला की संपलं."

"अख्खी भिंत खाली येईल!" सर ओरडले. "फोटो गेलेत संस्थेला!"

फेमके त्यांच्याकडे बघत होती.

माणसाबद्दलचा माझा अंदाज क्वचित चुकतो. त्या दिवशी चुकला. शाळेशी पोचताच पहिली पहार सरांनीच उचलली.

दगड निघत गेले. आणि मग पहार पोकळीत गेली...

तिथे पोकळी असायलाच नको होती. आम्ही सगळ्यांनी सकाळी डोळ्यांनी बघितलं होतं, आत दगड ठासून भरले होते. आता तिथे उंच, अरुंद खाच होती. एक हडकुळं माणूस मावेल एवढी.

आतल्या मालावर बोटांचे ओरखडे होते.

मागे फेमकेनं मोठा श्वास घेतला. मी वळले. तिच्या पायाशी लांबलचक सावली पडली होती.

कुणी थांबलं नाही. मुलं बसकडे धावली. मी खाचेपाशीच उभी राहून बघत होते. बस पुलावर चढली, पलीकडे गेली. मागच्या काचेतून फेमके हात हलवत होती.

"वहिनी! बाजूला हो!"

रायचो ओरडला. मला कळेना. मग बघितलं...

सूर्य माझ्या पाठीशी होता. माझी सावली सगळीच्या सगळी त्या खाचेत उभी होती.

मी लगेच हटले. लगेच म्हणजे अगदी लगेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा बांधलेला होता. दगडाला दगड, कुठे फट नाही. रायचो शपथेवर सांगतो, त्यानं हात लावलेला नाही. माझा विश्वास आहे. इतकं सरळ काम त्याच्या हातून जन्मात झालं नाही.

तो कोपरा परत ढासळला नाही. पोरं तिथे खेळतात.

फेमकेचा फोन येतो. ती बरी आहे. विचारते, "मावशी, इकडे कधी येतेस?" मी म्हणते, गुडघा दुखतो. बहिणीच्या मुलाचं लग्न पुलापलीकडे, प्लोवदिव शहरात झालं, तेव्हाही गुडघाच दुखत होता.

दुपारी बाहेर पडते तेव्हा मी खाली बघत नाही. समोर बघून चालते. लोक म्हणतात, स्तोयनाला या वयात ताठा आलाय.

कधी कधी पुलापर्यंत जाते. कठड्याला हात लावून उभी राहते. पलीकडे रस्ता दिसतो.

एक पाऊल टाकलं तर कळेल.

ओढ लागली नाही, तर उरलेलं आयुष्य स्वतःवर हसेन.

पण लागली तर...? मला सोडवायला भिंत कोण फोडणार? आत पोरं खेळतायत.